दाखला हाती घेतल्यानंतरची दीड वर्षे

मे 2024 मध्ये आम्ही आमच्या थोरल्या मुलीचे नाव पहिलीनंतर शाळेतून काढले आणि तिला घरी शिकवायला सुरुवात केली. तेव्हा काही गोष्टी कोणी क्रमाने सांगितल्या असत्या तर आमचे तीन-चार महिने आणि काही हजार रुपये वाचले असते. या वाटेवर नव्याने पाऊल टाकणाऱ्या पालकांचे ते वाचावेत म्हणून 2025 च्या दिवाळीच्या सुट्टीत बसून हे सारे लिहून काढत आहे. आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. माझे यजमान सहकारी बँकेत नोकरी करतात आणि मी घरून लहान दुकानदारांचे हिशेब लिहिण्याचे काम करते. थोरलीचा जन्म नोव्हेंबर 2016 चा, धाकट्याचा सप्टेंबर 2019 चा.

निर्णयाची सुरुवात फेब्रुवारी 2024 मधल्या एका संध्याकाळी झाली. कृष्णेच्या पुलावरून परत येताना मी थोरलीला सहज विचारले, "एवढं पाणी कुठून येत असेल गं?" तिने क्षणभर विचार केला आणि अगदी शांतपणे सांगितले, "आई, तो लेसन अजून झाला नाही." हीच मुलगी चार वर्षांची असताना पाणी, ढग, मुंग्या यांविषयी दिवसभर विचारून आम्हाला दमवत असे. तिची शाळा वाईट नव्हती आणि वर्गशिक्षिका मायाळू होत्या, परंतु एका वर्गात 52 मुले होती, घरी मराठी आणि वर्गात इंग्रजी होते, आणि पाठ करून दिलेले उत्तर बरोबर येते हे ती वर्षभरात शिकली होती. ते वाक्य पुढे कित्येक रात्री माझ्या मनातून गेले नाही.

मार्च महिना आम्ही कायदा वाचण्यात घालवला, आणि ते अतिशय आवश्यक होते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 हा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे आणि तो 6 ते 14 वर्षे वयाच्या मुलांसाठी आहे. त्याच्या कलम 10 नुसार मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य ठरते. हे कर्तव्य न पाळणाऱ्या पालकाला दंड किंवा शिक्षा सांगणारे कलम त्यात नाही, तसेच घरी शिकवण्याला स्पष्ट शब्दांत परवानगी देणारे कलमही नाही. म्हणजे घरी शिकवणारे कुटुंब एका धूसर पट्ट्यात उभे असते, आणि ज्यांना ही धूसरता रात्री झोपू देणार नाही त्यांनी हा मार्ग घेऊ नये, असे माझे प्रामाणिक मत आहे. आम्हाला धीर दिला तो कलम 4 ने. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाला अनुरूप अशा इयत्तेत प्रवेश देण्याची तरतूद त्या कलमात आहे, त्यामुळे चौदा वर्षे वयापर्यंत शाळेत परतण्याची वाट बंद होत नाही. या वाटेची काळजी घ्यायची आणि तिच्यासाठी लागणारा एकही कागद कमी पडू द्यायचा नाही, हे आम्ही तेव्हाच ठरवले.

काही ओळखीच्यांनी दुसरा उपाय सुचवला होता. जवळच्या सरकारी शाळेत नाव घालून ठेवायचे, मूल मात्र घरीच ठेवायचे. आम्ही तो नाकारला. तसे केले असते तर कोणा शिक्षकाला रोज खोटी हजेरी मांडावी लागली असती आणि पोषण आहाराच्या नोंदीतही आमच्या मुलीचे ताट धरले गेले असते. मुलीला शिकवण्याची सुरुवात खोट्याने करायची नव्हती.

घरात सर्वांत कठीण बोलणे झाले ते माझ्या सासऱ्यांशी. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आहेत. ते रागावले नाहीत. जेवण झाल्यावर हात धुऊन आले आणि म्हणाले, "सूनबाई, मी ऊसतोड कामगारांच्या पालांवर जाऊन मुलं शाळेत आणली. आता माझ्याच नातीचं नाव पटावरून काढायचं म्हणतेस?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी एवढेच म्हणाले, "बाबा, एक वर्ष द्या. नाही जमलं तर पुढच्या जूनला तुम्ही सांगाल त्या शाळेत मी स्वतः तिचं नाव घालीन." त्यांची हरकत आजही पूर्ण गेलेली नाही, आणि ती जावी असा माझा आग्रहही नाही.

आता दाखल्याविषयी. 6 मे 2024 रोजी आम्ही शाळेत लेखी अर्ज दिला आणि त्याच्या झेरॉक्सवर पोच घेतली. कार्यालयात पहिला प्रश्न आला, "पुढे कुठल्या शाळेत?" घरी शिकवणार असल्याचे सांगितल्यावर बराच वेळ शांतता होती. मग मुख्याध्यापिकांशी बोलणे झाले आणि शाळा सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात "पालकांच्या विनंतीवरून" असे लिहायचे ठरले. सुट्टी, राहिलेले बसचे पैसे आणि लिपिकांची रजा यांत पाच आठवडे गेले आणि दाखला 13 जूनला तयार झाला. तो हातात घेऊन तिथेच उभ्याने वाचला हे फार बरे झाले, कारण माझे नाव त्यावर चुकीचे होते आणि जन्मस्थळाच्या जागी माझ्या माहेरच्या गावाऐवजी तालुक्याचे नाव होते. जन्मदाखल्याची प्रत देऊन दुरुस्ती करून घेण्यात आणखी नऊ दिवस गेले. आपल्याकडे शाळेचा दाखला हा केवळ शाळेसाठी नसतो. जन्मतारीख, जात, जन्मस्थळ या साऱ्यांचा पुरावा म्हणून तो पुढे वीस वर्षे लागतो, आणि मूल शाळेतून गेल्यानंतर जनरल रजिस्टरमधली नोंद बदलून घेणे फार जिकिरीचे होते. म्हणून मुलाचे पूर्ण नाव, आईचे नाव, अंकी व अक्षरी जन्मतारीख, जात आणि सरल या राज्याच्या ऑनलाइन शालेय नोंदप्रणालीतला स्टुडंट आयडी या गोष्टी कार्यालयाच्या दारातच तपासून घ्याव्यात. प्रगतिपुस्तकाची प्रतही मागून घ्यावी. आम्ही या साऱ्याची एक फाइल केली आहे. त्याच फाइलमध्ये शिक्षण विभागाच्या कार्यालयाला दिलेल्या एका पानी पत्राची प्रत आहे. मुलगी घरी शिकत आहे, ती अमुक पुस्तके वापरते आणि कोणीही येऊन पाहावे, एवढेच आम्ही त्यात लिहिले होते. असे पत्र देणे कोठे सांगितलेले नाही, परंतु त्यावर पडलेल्या आवक शिक्क्याने माझ्या मनावरचे ओझे निम्मे उतरले.

जुलैच्या अखेरीस शाळाबाह्य मुलांची पाहणी करणाऱ्या दोन शिक्षिका भर पावसात दारात आल्या. पोटात गोळा आला, हे मान्य करते. त्यांना चहा दिला, फाइल दाखवली. त्यांतल्या वडीलधाऱ्या बाईंनी थोरलीची वही मागितली, ती पानापानाने पाहिली आणि तिला खिडकीबाहेरच्या शेवग्याविषयी काहीबाही विचारले. निघताना त्या म्हणाल्या, "माझ्या नोंदीत ही शाळाबाह्यच येणार, ते मला लिहावं लागेल. पण कधीही वाटलं तर आमच्याकडे या, वर्ग मिळेल." त्यांनी आपले काम सरळपणे केले आणि आमच्याशी माणुसकीने वागल्या. असे कोणी घरी आले तर लपवाछपवी न करता सारे मांडावे, एवढेच मी सांगू शकते.

आता घरातल्या सुरुवातीकडे येते, कारण खऱ्या चुका तिथे झाल्या. 17 जून 2024 पासून मी भिंतीवर वेळापत्रक लावले. सकाळी 9 ते 12, चाळीस-चाळीस मिनिटांच्या चार तासिका, मध्ये डबा खायची सुट्टी. शाळा नको म्हणून घरी आणलेल्या मुलीसाठी मी घरात तीच शाळा उभी केली, फक्त मैत्रिणी वगळून. तिसऱ्या आठवड्यात ती वजाबाकीच्या पानावर डोके ठेवून रडली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाला जितकी वर्षे शाळेत गेली निदान तितके महिने मोकळे सोडावे, असे घरी शिकवणाऱ्या कुटुंबांत सांगितले जाते. तोपर्यंत हा सल्ला मला आळसाची सबब वाटत होता. लहान गट धरून तिची तीन वर्षे झाली होती. आम्ही वेळापत्रक भिंतीवरून उतरवले आणि ऑक्टोबरपर्यंत रोज मोठ्याने गोष्टी वाचणे, स्वयंपाकात हात लावणे आणि हिंडणे यांपलीकडे काही ठरवून केले नाही. ते महिने माझ्यासाठी भयंकर गेले. समोरून गणवेशातल्या मुलांच्या रिक्षा जात, थोरली खिडकीत उभी राहून पाहत असे, आणि आपण तिचे नुकसान करत आहोत या भीतीने मला घाम फुटे. ऑगस्टच्या शेवटी एका दुपारी ओट्याशी उभी राहून तिने विचारले, "आई, कुकरची शिट्टी आपली आपण कशी होते?" ती तारीख मी वहीत लिहून ठेवली आहे.

अभ्यासक्रमाची निवड करताना पैशाची चूकही माझीच झाली. जूनमध्येच मी परदेशी बनावटीचा, सर्व विषयांचा एक तयार संच मुंबईच्या एका आईकडून वापरलेला घेतला. कुरियरसह 6,200 रुपये पडले. रोज काय शिकवायचे ते त्यात तारीखवार लिहिलेले होते, आणि घाबरलेल्या पालकाला तेवढेच हवे असते. पहिल्याच आठवड्यात नाण्यांचा धडा आला. निकेल, डाइम, क्वार्टर. "आई, डाइम म्हणजे किती?" यावर अर्धा तास गेला आणि बेरीज राहूनच गेली. वजन पौंडांत, उंची इंचांत, निसर्गाच्या पाठात मेपलची पाने आणि बर्फ. आमच्या अंगणात जांभळाचा सडा पडला होता आणि मी तिला न पाहिलेल्या झाडाचे चित्र रंगवायला देत होते. तो संच ज्या मुलांसाठी लिहिला त्यांच्यासाठी उत्तम असेल. दोन महिन्यांनी मी तो 4,000 रुपयांना पुढे दिला. त्यातली एक सवय मात्र आम्ही ठेवून घेतली. शार्लट मेसन या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बाईंची ती पद्धत आहे. चांगली गोष्ट एकदाच नीट वाचून दाखवायची आणि मुलाने ती लगेच स्वतःच्या शब्दांत परत सांगायची. त्यातून मुलाला काय पोहोचले हे कोणत्याही प्रश्नपत्रिकेपेक्षा लवकर कळते. धडे पंधरा-वीस मिनिटांचेच असावेत, हाही त्यांचाच आग्रह.

त्यानंतर माँटेसरीच्या लाकडी साधनांच्या किमती विचारल्या आणि त्या आमच्या आवाक्याबाहेर निघाल्या. याच सुमारास वाचनालयात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कार्यावरचे लेखन हाती आले. ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, आणि पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्या कुरणात जाऊन शाळा भरवत. महागड्या साधनांच्या जागी त्यांनी आजूबाजूला मिळणारे शंख, बिया, पाने, माती वापरली. वस्तीतल्या अंगणात भरणाऱ्या बालवाडीला त्या अंगणवाडी म्हणत, तोच शब्द आज सारा देश वापरतो. ते वाचून मला पैशाच्या काळजीतून सुटल्यासारखे झाले. पुठ्ठ्यावर डिंकाने वाळू चिकटवून आम्ही मुळाक्षरे केली. त्यातला "क्ष" धाकट्याने अजून जपून ठेवला आहे.

गणिताचा प्रश्न निराळाच होता. ऑक्टोबरमध्ये बाजारात भाजीवाल्या मावशींनी "पासष्ट झाले बाळ" म्हटल्यावर थोरली माझ्याकडे पाहू लागली. सिक्स्टी फाइव्ह म्हटले की तिला कळे, पासष्ट म्हटले की कळत नसे. मराठी संख्यानामांत एकक आधी आणि दशक नंतर, शिवाय सदुसष्ट, एकोणसाठ अशी रूपे. इंग्रजीतून आलेल्या मुलाला ती खरोखर अवघड जातात. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" असे वाचन आले तेव्हा मोठा वाद झाला होता आणि मीही तेव्हा नाके मुरडली होती. आता मात्र ती पद्धत आमच्या कामी आली. दहा-दहा काड्यांच्या जुड्या रबराने बांधल्या, सुट्या जागी चिंचोके ठेवले. सहा जुड्या, पाच चिंचोके; साठ पाच; आणि मग हळूच, पासष्ट. ती ओठ हलवत जुड्यांवरून बोट फिरवी, चिंचोक्यांपाशी थांबे, आणि मग एकदम नाव सापडल्यासारखे म्हणे. सव्वादोन महिने रोज दहा मिनिटे हे केले. डिसेंबरअखेर भाजीचे पैसे तीच मोजून देऊ लागली.

दिवाळीनंतर, म्हणजे नोव्हेंबर 2024 मध्ये, आमची निवड ठरली आणि आजपर्यंत तीच चालू आहे. मराठीसाठी बालभारती, कारण त्या पुस्तकांतली भाषा घरच्या भाषेला लागून आहे. पुण्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाची ही पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य उतरवून घेता येतात आणि छापील प्रतीही स्वस्त असतात. गणितासाठी एनसीईआरटीचे 2023 चे "जॉयफुल मॅथेमॅटिक्स", कारण त्यात एकाच गोष्टीकडे अनेक बाजूंनी जाता येते. ते मराठीत नसल्याने प्रश्न मी मराठीत वाचून दाखवते. इंग्रजीचे पुस्तक पहिले वर्षभर नव्हतेच, फक्त गोष्टी होत्या. यंदा तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक घेतले, आणि ते मला सर्वांत आवडते, कारण ते जिल्हावार निघते. साताऱ्याच्या नकाशावर कृष्णेवर बोट ठेवून ती महाबळेश्वरपर्यंत गेली आणि म्हणाली, "म्हणजे पुलाखालचं पाणी आत्याच्या गावावरून येतं." मी काही बोलले नाही. विज्ञानासाठी अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरची टाकाऊ वस्तूंची खेळणी आणि मराठी पुस्तके, शिवाय बालभारतीचे "किशोर" मासिक. सासरे आठवड्यातून दोन सकाळी पाढे घेतात आणि स्वतःच्या जुन्या सवयीने टाचणवही लिहितात. कोणी विचारलेच तर दाखवायला ती वही माझ्या फाइलपेक्षा अधिक भारदस्त आहे.

खर्च सांगते. पहिल्या वर्षी तो परदेशी संच विकून झालेले 2,200 रुपयांचे नुकसान धरून पुस्तके, छपाई, पुठ्ठे, रंग आणि वाचनालयाची वर्गणी यांवर सुमारे 7,000 रुपये गेले. शाळेची फी आणि बस मिळून वर्षाला 41,000 भरत होतो, ते वाचले. पण खरा खर्च माझ्या वेळेचा आहे. माझी महिन्याची मिळकत 22,000 वरून 13,000 वर आली, कारण सकाळची कामे मला सोडावी लागली. हा आकडा आधी नवराबायकोने समोरासमोर बसून मांडावा. आम्ही तो टाळला आणि सहा महिन्यांनी त्यावरून घरात कटू बोलणे झाले.

सोबतीचा प्रश्न आपोआप सुटत नाही. सुरुवातीला ती फार एकटी पडली. संध्याकाळच्या खो-खोच्या सरावाला घालायला आम्ही डिसेंबर उजाडू दिला, ते जूनमध्येच करायला हवे होते. शाळेतून होणाऱ्या क्रीडास्पर्धा आणि शिष्यवृत्ती परीक्षा तिला देता येत नाहीत, कारण त्यांचे अर्ज शाळेमार्फतच जातात. संघातल्या मैत्रिणी स्पर्धेला गेल्या त्या दिवशी ती गप्प होती, आणि तिची समजूत घालायला माझ्याकडे शब्द नव्हते.

पुढच्या परीक्षांची चौकशी करून ठेवली आहे. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी दहा वर्षे पूर्ण झाल्यावर आणि आठवी तेरा पूर्ण झाल्यावर देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थानाची माध्यमिक परीक्षा चौदा पूर्ण झाल्यावर देता येते. शिवाय राज्य मंडळाच्या दहावीला 17 नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या बसता येते. थोरली नोव्हेंबर 2026 मध्ये दहा वर्षांची होईल, तेव्हा मुक्त विद्यालयाची पाचवी देऊन हातात एक प्रमाणपत्र असावे असा आमचा विचार आहे. अर्जाच्या तारखा आणि शुल्क दरवर्षी बदलतात, म्हणून ते मंडळाच्या संकेतस्थळावरच पाहावे.

धाकट्याचे सांगायचे राहिले. त्याला घरीच ठेवायचे असे आम्ही गृहीत धरले होते. पण एप्रिल 2025 मध्ये त्याने स्वतःहून सांगितले की त्याला "खूप मुलं असतात तिथं" जायचे आहे. मला वाईट वाटले, दोन दिवस मी त्याचे मन वळवायचा प्रयत्न केला, आणि मग माझ्याच लक्षात आले की थोरलीचे ऐकले म्हणणारी मी याचे ऐकत नाही. पावसात आलेल्या त्या बाईंच्या मराठी शाळेत आम्ही गेलो. जन्मदाखला, आधार आणि दोन फोटो, वीस मिनिटांत पहिलीचा प्रवेश झाला. सासऱ्यांनी त्या दिवशी पेढे आणले. 2025-26 पासून पहिलीचा अभ्यासक्रम नवा आहे. 16 जूनला शाळा उघडली तेव्हा ताई त्याला फाटकापर्यंत सोडायला आली होती. आता तो साडेपाचला घरी येतो, दप्तर टाकतो आणि ताईला विचारतो की आज घरी काय केले. ती सांगते, मग तो सांगतो, आणि मी त्या वेळात माझे हिशेब उघडून बसते.